अंध व्यक्तींसाठी इलेक्ट्रॉनिक कुलपाची निवड : एक अभ्यास

प्रास्ताविक

घराच्या दाराला कुलूप असावे ही गोष्ट इतकी साधी आहे की, तिच्यावर लेख लिहिण्याची गरज काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्या व्यक्तीला डोळ्यांनी दिसत नाही, तिच्या दृष्टीने आज हाच प्रश्न महत्त्वाचा झालेला आहे. पुण्यातील जुन्या वाड्यांच्या दारांना कडी-कोयंडा आणि आतून अडसर असे. पुढे फ्लॅट आले, त्यांच्याबरोबर लॅच आले. या सर्व साधनांत एक गुण समान होता, तो म्हणजे ती हाताला समजत असत. किल्लीचे दाते, कुलपाचे छिद्र, कडीचा आवाज यांवरून अंध माणूस आपले दार स्वतः लावत असे व स्वतः उघडत असे. आता नवीन इमारतींत दारावर काचेची गुळगुळीत पट्टी असलेले इलेक्ट्रॉनिक कुलूप येऊ लागले आहे. पट्टीवर अंक उजळतात, ते पाहून दाबायचे असतात. डोळस माणसाची किल्ली बाळगण्याची कटकट त्यामुळे वाचली, पण अंध माणूस मात्र जे काम कालपर्यंत स्वतः करत होता, त्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहू लागला.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. आपल्या पुणे शहराचा तर या क्षेत्राशी जुना संबंध आहे. कोरेगाव पार्कमधील अंध मुलांची शाळा व वसतिगृह ही संस्था १९३४ पासूनची. आळंदीला अंध मुलींची निवासी शाळा आहे. श्रीमती मीरा बडवे यांचे ‘निवांत’ हे विकासालय अंध विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणात साहाय्य करते. वसतिगृहातून बाहेर पडलेला विद्यार्थी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी किंवा नोकरीसाठी शहरात खोली घेतो, तेव्हा त्या खोलीचे दार हे त्याच्या आयुष्यातील पहिले स्वतःचे दार असते. ते त्याला एकट्याला उघडता यावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.

एटीएमपासून मिळालेला धडा

प्रस्तुत लेखक बँकेत नोकरीस असल्यामुळे या प्रश्नाची एक बाजू त्याने जवळून पाहिलेली आहे. पूर्वी एटीएमच्या खोलीत अंध ग्राहक पहारेकऱ्याच्या किंवा रांगेतील अनोळखी माणसाच्या हाती कार्ड देई आणि आपला गुप्त क्रमांक त्याच्या कानात सांगे. पैसे मिळत, परंतु क्रमांक गुप्त राहत नसे. यात पहारेकऱ्याचा दोष नव्हता. यंत्रच असे बनवले होते की, दिसत नसलेल्या माणसाने आपले गुपित कोणाला तरी सांगितल्याशिवाय ते चालूच नये.

ही स्थिती आपोआप बदलली नाही. अंध व्यक्तींना चेकबुक, एटीएम, लॉकर इत्यादी सेवा कोणताही भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्ये बँकांना कळवले. २००९ मध्ये नवीन एटीएमपैकी किमान एक-तृतीयांश यंत्रे बोलणारी व ब्रेल कळफलक असलेली असावीत असे सांगितले गेले, आणि मे २०१४ मधील सूचनेनुसार १ जुलै २०१४ पासून बसवायचे प्रत्येक नवीन एटीएम तसे असावे असे ठरले. मधल्या काळात, जून २०१२ मध्ये, युनियन बँकेने अहमदाबादेत बोलणारे एटीएम सुरू केले.

बोलणाऱ्या एटीएमची रचना नीट समजून घेतली, तर दाराचे कुलूप कसे निवडावे याची बहुतेक सूत्रे तिच्यातच सापडतात. पहिले सूत्र असे की, कळफलकावरील बटणे उठावाची असतात आणि ५ या अंकावर एक बारीक उंचवटा असतो. तो सापडला की बाकीचे नऊ अंक बोटांना आपोआप कळतात. दुसरे सूत्र म्हणजे सूचना कानाला लावलेल्या हेडफोनमधून येतात, म्हणजे शेजारच्याला त्या ऐकू येत नाहीत. तिसरे असे की, गुप्त क्रमांक दाबताना यंत्र तो क्रमांक उच्चारत नाही, बटण दाबले गेले एवढेच कळवते. स्पर्शाने सापडणे, कानाने समजणे आणि गुपित गुपित राहणे, या तीन कसोट्या पुढील सर्व विवेचनात आपण लावून पाहू.

मुळात इलेक्ट्रॉनिक कुलूप हवेच का ?

हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. साधी किल्ली हे अंध व्यक्तीसाठी उत्तम साधन आहे. तिला सेल लागत नाही, तिचा आवाज ओळखीचा असतो आणि ती फिरली की नाही हे मनगटाला कळते. ज्याचे काम किल्लीने सुरळीत चालले आहे, त्याने केवळ नवी वस्तू म्हणून खर्च करण्याचे कारण नाही.

तथापि काही प्रसंगी इलेक्ट्रॉनिक कुलूप खरोखर उपयोगी पडते. वाऱ्याने लॅच लागून माणूस बाहेर अडकतो, असे वारंवार घडत असेल. हातात पांढरी काठी व पिशवी असताना किल्ली शोधणे व छिद्रात घालणे कठीण जात असेल. वयोमानाने किंवा संधिवाताने किल्ली फिरवता येत नसेल. अथवा घरी येणाऱ्या कामवाल्या बाईंना ठरावीक काळापुरता प्रवेश द्यायचा असेल, तर या कुलपाचा विचार करावा. किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागते. येथे सांकेतिक क्रमांक बदलला की काम भागते.

कुलपांचे प्रकार व त्यांचे गुणदोष

(१) उठावाच्या बटणांचे कुलूप. अंध व्यक्तीसाठी सर्वसाधारणपणे हा प्रकार सर्वांत भरवशाचा. बटणे एकमेकांपासून सुटी असावीत, दाबल्यावर खटका जाणवावा आणि ५ वर उंचवटा असावा. अंकांची मांडणीही तपासावी. टेलिफोनवर १, २, ३ ही ओळ वर असते, तर कॅल्क्युलेटरवर ती खाली असते. ज्या मांडणीची सवय आहे, तीच घ्यावी. चार अंकी क्रमांकाच्या दहा हजार जुळण्या होतात, सहा अंकीच्या दहा लाख. तेव्हा सहा अंकांची सोय असल्यास ती वापरावी.

(२) काचेच्या स्पर्शपट्टीचे कुलूप. दुकानात हा प्रकार अधिक दिसतो व देखणाही असतो. त्याची अडचण मुळातच आहे. उठावाच्या बटणांवरून बोट फिरवून आपण अंक शोधू शकतो, कारण शोधणे आणि दाबणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. काचेवर बोट टेकले की तो अंक दाबला गेला असे यंत्र समजते, त्यामुळे शोधताच येत नाही. शिवाय अनेक पट्ट्या झोपलेल्या असतात व तळहात टेकल्यावर जाग्या होतात. ती जागी झाली की नाही, हे उजेडावरूनच कळत असेल तर अंध माणसाने काय करावे ? काही कुलपांत चोरून पाहणाऱ्याला चकवण्यासाठी आधी दोन भलतेच अंक उजळतात व ते दाबावे लागतात. काहींत अंकांच्या जागा दरवेळी बदलतात. डोळस माणसाच्या सुरक्षिततेसाठी केलेली ही युक्ती अंध माणसाला आपल्याच घराबाहेर उभे करते. ती बंद करता येत नसेल, तर ते कुलूप घेऊ नये.

(३) बोटाच्या ठशाचे कुलूप. येथे अंक शोधण्याचा प्रश्न नाही व गुपित ऐकले जाण्याची भीती नाही. ठसा घेण्याची जागा खोलगट असेल, तर बोट तेथे आपोआप बसते. परंतु खुर्च्या विणणे किंवा धुणे-भांडी यांसारख्या कामांनी ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, तसेच वृद्ध व्यक्ती, यांचे ठसे यंत्राला पुष्कळदा ओळखता येत नाहीत. पावसाळ्यात ओल्या बोटांनी हीच अडचण येते. म्हणून दोन्ही हातांची मिळून तीन-चार बोटे नोंदवावीत आणि केवळ ठशावर चालणारे कुलूप न घेता, बटणांचा किंवा किल्लीचा दुसरा मार्ग असलेले घ्यावे.

(४) कार्ड किंवा बिल्ल्याचे कुलूप. कार्ड जवळ नेले की दार उघडते. कोणतीही बाजू चालते, म्हणून वापर सोपा. लहान मुले, वृद्ध व स्मरण कमी झालेल्या व्यक्तींना हे सोयीचे पडते. कार्ड मात्र किल्लीप्रमाणेच हरवू शकते. हरवल्यास त्याची नोंद ताबडतोब रद्द कशी करायची, हे घेतानाच शिकून ठेवावे.

(५) मोबाइलवर चालणारे कुलूप. आयफोनवरील व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवरील टॉकबॅक या सोयी पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतात. अनेक अंध विद्यार्थी त्या सफाईने वापरतात. परंतु अॅप बनवणाऱ्याने प्रत्येक बटणाला नाव दिलेले असेल, तरच ते वाचले जाते. नाव न दिल्यास फोन फक्त ‘बटण, बटण’ एवढेच म्हणत राहतो. म्हणून खरेदीपूर्वी अॅप आपल्या फोनवर उतरवून, दार उघडणे, बंद करणे, क्रमांक बदलणे ही कामे करून पाहावीत. फोनची बॅटरी संपली किंवा इंटरनेट गेले तरी दार उघडले पाहिजे, हा नियम येथे विशेष लागू.

(६) चेहरा ओळखणारे कुलूप. कोठे, किती अंतरावर व कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहायचे, हे यंत्राने आवाजाने सांगितले नाही, तर अंध व्यक्तीला त्याचा उपयोग होत नाही. डोळे मिटलेले किंवा कृत्रिम डोळा असलेल्या व्यक्तीने तर प्रत्यक्ष अनुभव घेतल्याशिवाय यावर विसंबू नये.

आवाज कसा असावा ?

‘बोलणारे कुलूप’ एवढे ऐकून पुष्कळजण समाधान मानतात. येथे थोडा सूक्ष्म विचार हवा. दाबलेला प्रत्येक अंक कुलूप मोठ्याने उच्चारत असेल, तर जिन्यात उभ्या असलेल्या कोणालाही तो क्रमांक समजेल; आणि मागे कोण उभे आहे हे अंध माणसाला दिसत नाही. म्हणून अंक दाबताना सर्व बटणांचा एकच बीप असावा, मात्र परिणामांचे आवाज स्पष्टपणे निराळे असावेत : क्रमांक बरोबर, क्रमांक चूक, दार उघडले, दार लागले, सेल उतरले. सूचना बहुधा इंग्रजीत असतात. मराठीत असल्यास उत्तम. नसल्यास प्रत्येक आवाजाचा अर्थ पहिल्या दिवशीच घरातील सर्वांनी शिकून घ्यावा.

दार लागल्याची खात्री ही बाब आपल्याकडे अधिक महत्त्वाची आहे. पावसाळ्यात लाकडी दार फुगते व चौकटीत पूर्ण बसत नाही. मग बोल्ट अर्धाच बाहेर येतो, मोटार घरघरते आणि तांबडा दिवा लागतो. दिवा न दिसणारी व्यक्ती दार लागले असे समजून निघून जाते. अशा वेळी निराळा इशारा देणारे कुलूपच घ्यावे, आणि तरीही बाहेर पडताना हँडल एकदा ओढून पाहण्याची सवय ठेवावी.

ज्यांना ऐकूही कमी येते, त्यांच्यासाठी केवळ आवाज पुरेसा नाही. आतल्या बाजूस हाताने फिरवायची खुंटी असावी व ती आडवी की उभी यावरून कुलपाची स्थिती कळावी. मधुमेहाने दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींच्या बोटांची संवेदनाही कमी झालेली असते. त्यांना बारीक ब्रेल ठिपके जाणवत नाहीत, मोठी व सुटी बटणे जाणवतात. अल्पदृष्टी असलेल्यांना काळ्यावर पांढरे, ठळक व मोठे अंक उपयोगी पडतात. सारांश, ‘अंधांसाठी’ असे एकच कुलूप नसते. ज्याचे दार, त्याच्या बोटांनी व कानांनी निवड झाली पाहिजे.

दुकानात करावयाची परीक्षा

विक्रेता सर्व करून दाखवतो, परंतु त्याने करून दाखवणे ही परीक्षा नव्हे. सोबतच्या डोळस नातेवाइकाने दोन मिनिटे डोळे मिटून पाहणे हीदेखील नव्हे, कारण त्याने पट्टी आधी पाहिलेली असते. वापरणाऱ्या अंध व्यक्तीने स्वतः पुढील गोष्टी एकट्याने करून पाहाव्यात :

१. दारावर हात फिरवून कळफलक, हँडल व किल्लीचे छिद्र शोधणे.
२. ५ हा अंक शोधून नमुना क्रमांकाने दार उघडणे.
३. मुद्दाम चुकीचा क्रमांक दाबून, चूक झाल्याचे आवाजावरून ओळखणे. ठरावीक चुकांनंतर कुलूप काही मिनिटे बंद पडते. ते किती चुकांनंतर व किती वेळ, हे विचारून घेणे.
४. सांकेतिक क्रमांक स्वतः बदलणे.
५. सेल स्वतः बदलणे. त्यांची दिशा हाताला कळते का, हे पाहणे.
६. सेल पूर्ण उतरल्यास बाहेरून तात्पुरती वीज देण्याची जागा शोधणे. काही कुलपांना चौकोनी ९ व्होल्टचा सेल टेकवता येतो, काहींना मोबाइलची वायर जोडता येते.
७. आतून, कोणताही क्रमांक न दाबता, एका हालचालीत दार उघडणे. आग लागली असता याच गोष्टीवर जीव अवलंबून असतो.

ही परीक्षा होण्यापूर्वी पैसे देऊ नयेत. यांतील चौथा मुद्दा सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो व तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक कुलपांत एक मुख्य क्रमांक असतो. त्याच्या आधारे बाकीचे क्रमांक, ठसे व कार्डे नोंदवता किंवा पुसता येतात. बसवणारा कारागीर आपल्या सोयीचा क्रमांक घालून निघून जातो किंवा तो शेजाऱ्याच्या मोबाइलवर नोंदवून ठेवतो. मग घर एकाचे आणि घराची सत्ता दुसऱ्याची, असा प्रकार होतो. कारखान्यातून आलेला क्रमांक त्याच दिवशी बदलावा आणि मुख्य क्रमांक ज्याचे घर त्याच्याच हाती असावा. विश्वासू माणसाला अडीअडचणीसाठी निराळा क्रमांक द्यावा, म्हणजे तो पुढे केव्हाही रद्द करता येतो.

थोडक्या खर्चातील सुधारणा

नवे कुलूप घेणे शक्य नसेल, तर आहे त्यातही सुधारणा होते. उठावाच्या बटणांवर उंचवटा नसेल, तर ५ वर नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवावा किंवा एम-सीलचा बारीक ठिपका बसवावा. कार्ड टेकवण्याच्या जागेशेजारी एक जाड टिकली चिकटवावी. काचेच्या पट्टीवर मात्र असे ठिपके चिकटवण्यापूर्वी सावध राहावे, त्यामुळे स्पर्श ओळखण्यात बिघाड होऊ शकतो; खूण पट्टीच्या कडेला करावी. ठसा घेण्याच्या जागेवर काहीही चिकटवू नये. सेल उतरण्याची वाट न पाहता ठरावीक महिन्यांनी, एखाद्या लक्षात राहणाऱ्या तारखेस, चारही सेल एकदम बदलावेत. एक किल्ली विश्वासू घरी ठेवावी. ज्या कुलपाला किल्लीचा मार्गच नाही, ते एकट्या राहणाऱ्या व्यक्तीने शक्यतो टाळावे.

कायदा काय सांगतो ?

पुष्कळांना वाटते की, अशा सोयी म्हणजे उत्पादकाची कृपा. तसे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४३ नुसार, सर्वसामान्य वापराच्या वस्तू सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या बनाव्यात व मिळाव्यात, यासाठी शासनाने उपाययोजना करावयाची आहे. दाराचे कुलूप ही अशीच रोजच्या वापराची वस्तू होय.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णयही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने म्हटले की, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवणे हे कायद्याशी विसंगत आहे. किमान नियम बंधनकारक असले पाहिजेत. दुसरा निर्णय ३० एप्रिल २०२५ चा, प्रज्ञा प्रसून प्रकरणातील. बँक खाते वगैरेसाठी ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्याची अट घातली जाते. ॲसिड हल्ल्यातील पीडित व्यक्तींना व अंधांना ती पूर्ण करता येत नाही. अंध वकील अमर जैन हेही याबाबत न्यायालयात गेले होते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले व अनेक निर्देश दिले. हे निर्णय कुलपांविषयी नाहीत. परंतु यंत्र माणसाला जमेल असे असावे, यंत्राला जमेल असा माणूस मागू नये, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी एकच आहे.

गृहनिर्माण संस्थांचे कर्तव्य

पुण्यात आज ठिकठिकाणी जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. बिल्डर सर्व फ्लॅटना एकाच नमुन्याची कुलपे बसवतो व इमारतीच्या मुख्य दारालाही तसेच यंत्र लावतो. नमुना सर्वसाधारण सभेत ठरतो, तेव्हा पहिल्या मजल्यावरील अंध सभासदाला कोणी विचारत नाही. अंध भाडेकरूला तर सभेत जागाच नसते. एकदा शंभर दारांना काच बसली की, एकासाठी ती बदलण्याचा खर्च सर्वांना जड वाटतो. हाच प्रश्न आधी विचारला असता उठावाच्या बटणांचा नमुना बहुधा फारशा अधिक खर्चाशिवाय मिळाला असता. म्हणून आपल्यापैकी जे सभासद गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी हा विषय करारापूर्वीच्या सभेत लेखी मांडावा. उठावाची बटणे वृद्धांना, चष्मा विसरलेल्यांना आणि वीज गेल्यावर अंधाऱ्या जिन्यात उभ्या असलेल्या सर्वांनाच उपयोगी पडतात.

समारोप

अंध व्यक्तीला मदत करणे म्हणजे तिच्यासाठी दार उघडून देणे, असे आपण समजत आलो. वेळप्रसंगी तेही करावे. परंतु रोज दुसऱ्याने दार उघडून द्यावे लागणे आणि आपल्या घराचा क्रमांक दहा जणांना ठाऊक असणे, यात त्या व्यक्तीची सुरक्षितता नाही व सन्मानही नाही. तिला एकटीला, कोणालाही न सांगता, आपले दार लावता व उघडता येईल असे कुलूप निवडण्यास साहाय्य करणे, ही अधिक टिकाऊ मदत होय. या लेखातील सात कलमी परीक्षा आपल्या परिचयातील अंध बंधू-भगिनींना वाचून दाखवावी, आणि दुकानात जाताना त्यांच्यासोबत जावे. निवड मात्र त्यांना करू द्यावी.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे प्रश्न

१. उठावाच्या बटणांवर शोधणे व दाबणे या वेगळ्या क्रिया का ठरतात ? काचेच्या पट्टीवर काय होते ?
२. दाबलेला अंक मोठ्याने उच्चारणारे कुलूप सोयीचे असूनही धोक्याचे का ?
३. आपल्या इमारतीतील मुख्य दार, लिफ्ट व विजेचे मीटर यांपैकी कोणत्या गोष्टी अंध व्यक्तीला एकट्याने वापरता येतील, याची पाहणी शक्य असल्यास एखाद्या अंध व्यक्तीसोबत करा व एक पानाचा अहवाल संस्थेच्या चिटणीसांना द्या.